मनाच्या डॉक्टरांचे शिक्षण आणि घरची बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाई मला निमंत्रण द्यायला रुग्णालयात आल्या, तेव्हा त्यांच्या मनात ‘मनःशांतीचे उपाय’ हा विषय होता. मी त्यांना म्हटले, ‘बाई, त्या विषयावर एखादे कीर्तनकारबुवा माझ्याहून पुष्कळ चांगले बोलतील. मला रोज जे डोळ्यांपुढे दिसते तेवढ्याविषयीच बोलू द्या.’ त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार. तेव्हा आज मी सांगणार आहे ते असे, की आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयात मनाचे डॉक्टर तयार कसे होतात, व्यसनाचे आणि म्हातारपणाचे रोगी त्यांना काय शिकवतात, आणि या सगळ्याशी तुम्हा घरच्या बायकांचा संबंध काय. संबंध पुष्कळ आहे. तो लक्षात यायला मला स्वतःला एक मोठी चूक करावी लागली. ती चूकही मी आज सांगणार आहे. रोगी आणि त्यांची माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील मात्र बदलले आहेत.

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. एम.बी.बी.एस. झाल्यावर ज्याला मानसोपचारतज्ज्ञ व्हायचे असते, त्याला एम.डी.साठी आणखी तीन वर्षे घालवावी लागतात. या काळात त्याला ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात, आणि तो शब्द अगदी खरा आहे, कारण त्याचा निवास रुग्णालयातच असतो. सकाळी वॉर्डातली फेरी, मग बाह्यरुग्ण विभाग, दुपारी केसपेपर लिहिणे आणि आठवड्यातून काही रात्री जागरणाची पाळी. रात्री दोन वाजता पोलीस एखाद्याला धरून आणतात, तर कधी अस्थिरोगाच्या वॉर्डातून निरोप येतो, की हाड मोडलेली म्हातारी काहीबाही बडबडते आहे, येऊन बघा.

पूर्वी हे शिक्षण उंच भिंतींच्या आत होत असे. आपल्या महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा अशी चार जुनी मनोरुग्णालये आहेत. ज्याला घरी सांभाळणे अशक्य झाले, त्याला तेथे नेऊन सोडायचे, अशी रीत होती. मनाच्या रोग्याला साध्या इस्पितळात, तापाच्या नि खोकल्याच्या रोग्यांच्या शेजारी बसवून तपासावे, ही गोष्ट आपल्या देशात १९३३ साली कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी सुरू केली. १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग काढला. भिंतीआडच्या इस्पितळात रोगी एकटा येत असे. साध्या इस्पितळात त्याच्याबरोबर त्याची बायको, सून, लेक येऊन बाकावर बसू लागली. हा फरक वरवर लहान दिसतो, पण माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे.

आपल्या सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ असलेले वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शहराबाहेर कुंभारीला २००६ साली अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच साली त्याच कुंभारीत विडी कामगार भगिनींना गोदूताई परुळेकर वसाहतीतली १०,००० घरे मिळाली, हे आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. म्हणजे डॉक्टर आणि रोगी दोघेही गावाबाहेर पडले. तरी मनाच्या डॉक्टरांची टंचाई अजून फार आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे आपल्या देशात लाख लोकांमागे पुरता एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, पाऊणच आहे! आणि हा पाऊण डॉक्टरही बहुधा शहरातच राहतो. म्हणूनच २०२० साली असा नियम झाला, की पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात काम केलेच पाहिजे. माझ्या मते तीन महिनेसुद्धा थोडेच, पण निदान त्याला एस.टी.चे वेळापत्रक कळते आणि आठवडे बाजाराच्या दिवशी गर्दी का होते ते कळते.

आता माझी चूक सांगते.

मी त्या वेळी निवासी डॉक्टर होते. दुसरे वर्ष चालू होते, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपल्याला सर्व येते असे वाटत असते. ते रुग्णालय एका लहान गावाला लागून होते. एके रात्री अस्थिरोगाच्या वॉर्डातून बोलावणे आले. सत्तरीच्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडले होते. दाखल होऊन तिसरा दिवस होता. आल्या तेव्हा चांगल्या शुद्धीवर होत्या, आणि आता अंगावरच्या चादरीवरून मुंग्या वेचून टाकत होत्या. मुंग्या अर्थातच नव्हत्या. हात थरथरत होते, अंग घामाने भिजले होते. मधेच त्या मेलेल्या नवऱ्याला हाका मारीत होत्या. मी मुलाला विचारले, ‘आजींना आधीपासून विसर पडतो का?’ तो म्हणाला, ‘वय झालं, थोडं हुतंच की.’ मग वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारले, ‘आजी दारू वगैरे पितात का?’ मुलगा चिडून म्हणाला, ‘आमच्या घरात बायका पीत नाहीत.’ झाले. मी केसपेपरवर स्मृतिभ्रंश असे लिहिले, शांत व्हावे म्हणून एक इंजेक्शन दिले, हात पलंगाला बांधायला सांगितले, आणि जाऊन झोपले.

पहाटे आजींना आकडी आली.

आमच्या प्राध्यापकबाई धावत आल्या. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. आजींना पाहिले, मग वॉर्डाच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिले. मुलाला त्यांनी चहा आणायला पाठवले. सुनेला जवळ बसवले आणि हलक्या आवाजात विचारले, ‘बाई, रात्री अंग दुखतं, झोप येत नाही, तेव्हा आत्याबाई काय घेतात हो?’

सून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘थोडी घेत्यात. औषध म्हणून. गुडघ्यासाठी. मीच आणून देते.’

कित्येक वर्षे रोज रात्री एक लहान पेला हातभट्टीची दारू आजी घेत होत्या. मुलाला पत्ता नव्हता. दाखल झाल्या त्या दिवसापासून तो पेला बंद झाला होता. रोजची दारू एकाएकी तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर बंड करते. हात कापतात, घाम सुटतो, आकडी येते, नसलेली किडामुंगी दिसते. जुनी माणसे याला ‘वात झाला’ म्हणत. यात वेळेवर इलाज झाला नाही तर माणूस दगावतो, आणि म्हातारे माणूस तर लवकरच दगावते. मी दिलेल्या इंजेक्शनाने आकडी अधिकच सोपी झाली होती. बाईंनी योग्य औषध चालू केले. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-वन जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, कारण उपाशी दारुड्या शरीरात आधी नुसतेच ग्लुकोज गेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चार दिवसांनी आजी शुद्धीवर आल्या आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती घरच्या शेळीची. स्मृतिभ्रंश वगैरे त्यांना काही नव्हते.

पुढे एकदा मी त्या सुनेला विचारले, ‘तुम्हाला हे माहीत होते, तर तीन दिवस का नाही सांगितले?’ ती म्हणाली, ‘मला कुणी इचारलंच न्हाई. आन् सांगितलं असतं तर म्हणाले असते, सुनंनंच सासूला मारलं.’

भगिनींनो, वैद्यकाची जाडजूड पुस्तके मी वाचली होती. त्यांत दारू तुटल्यावर काय होते ते सारे लिहिलेले होते, आणि ते मला पाठही होते. पण रोगाचे कारण ज्या एका व्यक्तीला ठाऊक होते, ती वॉर्डाच्या दाराशी तीन दिवस उभी होती आणि मी तिच्याशी बोललेच नव्हते. मी प्रश्न विचारला तो चुकीच्या माणसाला, चुकीच्या आवाजात, चुकीच्या जागी. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे, आणि आता माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ती शिकवते. मनाच्या रोगाचे अर्धे निदान घरच्या बाईपाशी असते, आणि ते तिला कोणी विचारलेले नसते.

आमच्याकडे नवा निवासी डॉक्टर आला, की पहिला धडा हाच. आधी पुरुषमाणसांना चहाला पाठवा. घरच्या बाईला बसायला स्टूल द्या. तिला उभे ठेवून बोलू नका. ‘दारू पितात का’ असे विचारू नका. ‘झोपेसाठी काय घेतात, दुखण्यासाठी काय घेतात, दाताला काय लावतात’ असे विचारा. औषधाची पिशवी घरून मागवा आणि टेबलावर रिकामी करा. त्या पिशवीतून काय काय निघते म्हणून सांगू! तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, एकच गोळी दोन नावांनी दोनदा, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, आणि कागदाच्या पुडीत मिश्री.

म्हाताऱ्या शरीराची गोष्ट वेगळी असते. अंगातले पाणी कमी झालेले, यकृत मंदावलेले, त्यामुळे तरुणपणी पचलेला पेला म्हातारपणी दुप्पट चढतो. झोपेच्या काही गोळ्यांचा अंमल दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. आजी सकाळी न्हाणीघरात घसरून पडतात आणि आपण फरशीला दोष देतो. उलट, या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊन एकाएकी बंद केल्या तर दारू तुटल्यासारखाच त्रास होतो. म्हणून त्या मनाने सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत.

दुसरा धडा भाषेचा. आपले सोलापूर चार भाषांचे गाव आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी. विदर्भाकडून आलेला आमचा एक विद्यार्थी मोठा हुशार. त्याने अक्कलकोटकडच्या एका आजींची स्मरणशक्ती तपासली. आज तारीख काय, साल कोणते, शंभरातून सात वजा करा. आजींना एकही उत्तर आले नाही. त्याने लिहून टाकले, ‘स्मृतिभ्रंश, तीव्र’. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर त्या भागातल्या. त्या आजींशी कानडीत बोलू लागल्या. येळवस झाली का? कोणाच्या शेतात जेवलात? भज्जीत काय काय घातले होते? गड्ड्याच्या जत्रेला किती दिवस उरले? आजींनी सगळी उत्तरे बिनचूक दिली, वर सिस्टरांच्या माहेरचे नाव विचारून नातेही काढले. जिने आयुष्यात पाटी धरली नाही, तिला वजाबाकी विचारून तिच्या मेंदूची परीक्षा होत नाही. ही अडचण सगळ्या देशाची आहे. हरियाणातल्या वल्लभगडच्या खेड्यांतून काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ साली निरक्षर वृद्धांसाठी मुद्दाम निराळी प्रश्नावली तयार केली ती याचमुळे.

याच्या उलट प्रकारही होतो. लक्ष्मी-विष्णू गिरणीत हयात घालवलेले एक आजोबा आले. गिरणीचा भोंगा, पाळ्या, संप, जुन्या मुकादमांची नावे, सारे त्यांनी असे रंगवून सांगितले, की विद्यार्थ्याने लिहिले, ‘स्मरणशक्ती उत्तम’. बाहेर बाकावर बसलेल्या आजी मला म्हणाल्या, ‘बाई, जेवून हात धुतात आणि विचारतात, आज जेवायला नाही का? काल मला म्हणाले, तुम्ही कोणाच्या?’ स्मृतिभ्रंशात जुने राहते आणि नवे जाते. पाहुण्याला तो रोगी शहाणा वाटतो. खरा त्रास चोवीस तास जवळ असलेल्या बाईलाच दिसतो. तिने सांगितले तर लोक म्हणतात, ‘चांगले तर बोलतात, तूच कुरकुर करतेस.’

हा रोग काही नवा नाही. १९०६ साली जर्मनीत अलॉइस अल्झायमर या डॉक्टराने एका स्त्रीरोग्याची हकीकत सभेत सांगितली, आणि पुढे त्याचेच नाव रोगाला मिळाले. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे एकूण सुमारे ८८ लाख माणसे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले. पण प्रत्येक विसराळू म्हातारे माणूस त्यांतले नव्हे. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी झाले, थायरॉइड बिघडला, डोक्याला मार बसून आत रक्त साकळले, लघवीच्या जागी जंतू झाले, मन खचले किंवा नुसते कानाने ऐकू येईनासे झाले, तरी माणूस भांबावतो. यांतले पुष्कळ उपचाराने सुधारते. म्हणून माझी विनंती अशी, की ‘म्हातारचळ’ हा शब्द आपण घरातून काढून टाकावा. तो शब्द उच्चारला की तपासणी थांबते.

आता दारूकडे वळते. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात, आणि त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. पण दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतो. बाकीच्या ३७ घरांत उपचार कोण करते? अर्थात घरची बाई. ती नवस करते, बुवाकडे जाते, अंगारा आणते, आणि शेवटी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचते, ‘नकळत दारू सोडवा.’

याविषयी मला आज जोर देऊन बोलायचे आहे. एका रात्री आमच्याकडे चाळिशीचा एक पुरुष आणला. तोंड लालबुंद, ओकाऱ्या, छाती धडधडते आहे, रक्तदाब खाली गेलेला. त्याच्या बायकोने जाहिरातीतली पूड मागवून त्याच्या चहात घातली होती. नंतर तो नेहमीसारखा पिऊन आला. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते दारूच्या उपचारासाठी पुढे आणले. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर शरीरात विषारी द्रव्य साठते आणि असाच त्रास होतो. रोग्याला सगळे समजावून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून दिले, तर ते उपयोगी औषध आहे. चोरून दिले तर तेच जिवावर बेतते. त्या निनावी पुडीत काय होते हे सांगता येत नाही, पण लक्षणे तशीच होती.

पाळीवर असलेली आमची विद्यार्थिनी त्या बाईवर खूप रागावली. बाहेर सासरची माणसे तिला शिव्या देत होतीच. ती बाई रडली नाही. ती म्हणाली, ‘आठ वर्षं त्यो पितोय. माझं मंगळसूत्र गेलं, पोरीची शाळा गेली, तवा कुणी काय बोललं न्हाई. एक दिस म्या औषध घातलं तर म्या खुनी?’ आमच्या विद्यार्थिनीजवळ याला उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते. मी तिला एवढेच म्हटले, की हिच्याजवळ बस आणि तिला चहा दे. तो माणूस वाचला. तो आमच्या वॉर्डात तीन आठवडे राहिला, पाच महिने प्यायला नाही, पोळ्याला पुन्हा प्यायला, आणि पुन्हा आला. व्यसन हा उलटणारा रोग आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर आपण त्याला ‘नालायक’ म्हणत नाही, औषध बदलतो. येथेही तेच करायचे. पण हे सांगताना मी दुसरेही सांगते. नवरा रोगी आहे म्हणून बायकोने मार खावा, असा कोणत्याही वैद्यकाचा सल्ला नाही.

घरच्या बाईचे हे दुःख ओळखून काम करणाऱ्या स्त्रिया होऊन गेल्या आहेत. अमेरिकेत १९३५ साली दारुड्यांनी दारुड्यांसाठी चालवलेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना निघाली. तिच्या एका संस्थापकाची पत्नी लुइस विल्सन हिच्या लक्षात आले, की पुरुषांच्या बैठका आत चालतात आणि बायका बाहेर वाट पाहत बसतात. तिने १९५१ साली घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन ही निराळी संघटना काढली. आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांनी व त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा आधार होता. अनिताताई १९९७ साली गेल्या. काम चालू आहे. तेथे रोग्यांच्या पत्नींचा स्वतंत्र गट भरतो, आणि व्यसनी स्त्रियांसाठी वेगळा विभागही आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, की औषधांची नावे पुस्तकातून शिका, पण बायकांचा गट कसा चालतो ते अशा ठिकाणी जाऊन पाहा.

दारूची दुसरी बाजूही आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. काही तांड्यांवर हातभट्टी हा पिढीजात पोटाचा धंदा होऊन बसला होता, आणि भट्टीपाशी राबणाऱ्यांत बायकाही होत्या. २०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. नुसत्या भट्ट्या फोडून न थांबता त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा अशी खटपट त्यात होती. बाईला हाताला काम मिळाले, तर भट्टी विझण्याची आशा धरता येते. रुग्णालयाला जे जमत नाही ते अशा कामाने होते.

आणि आपल्या स्वतःच्या व्यसनाचे काय? आपण हसाल, पण मिश्री हे व्यसनच आहे. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे म्हणणाऱ्या बाया मला रोज भेटतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने तोंडाचा कर्करोग होतो. विडी वळणाऱ्या भगिनी तर दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसतात. त्यांना मी दोष देत नाही. पोटासाठी त्या बसतात. पण दाताला मिश्री आणि झोपेला गोळी, ही दोन्ही बायकांची न बोललेली व्यसने आहेत. आपण ती एकमेकींना सांगितली तरच डॉक्टरला सांगू.

माझे भाषण लांबले. शेवटी मंडळाकडे तीन गोष्टी मागते आणि थांबते.

पहिली. मंडळाच्या या सभागृहाची एक खोली आठवड्यातून एक दुपार रिकामी असते, असे मला कळले आहे. ती आम्हाला द्यावी. व्यसनी माणसांच्या बायका आणि विसराळू सासू-सासऱ्यांना सांभाळणाऱ्या सुना तेथे बसून बोलतील. एक निवासी डॉक्टर येईल. त्याने बोलायचे नाही, ऐकायचे, ही अट मी त्याला घालीन. त्याच्या शिक्षणाचा तो भागच समजू.

दुसरी. आपल्यापैकी ज्यांना कानडी किंवा तेलुगू चांगली येते, त्यांनी महिन्यातून एक सकाळ आमच्या बाह्यरुग्ण विभागात यावे. म्हातारपणी विसर पडू लागला, की कित्येकदा मागून शिकलेली भाषा आधी जाते आणि माहेरची राहते. अशा आजींना त्यांच्या भाषेत ‘जेवलात का’ असे विचारणारे माणूस आम्हाला हवे आहे.

तिसरी. संक्रांतीला आपण हळदीकुंकू करतो, वाण लुटतो. वाट्या आणि डबे प्रत्येकीच्या घरी पुष्कळ झाले. या वर्षी सोलापुरी कापडाची एक लहान पिशवी वाण म्हणून द्यावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सगळी औषधे त्या एका पिशवीत राहावीत, आणि डॉक्टरकडे जाताना ती बरोबर असावी. पिशवीवर १४४१६ हा आकडा शिवून घ्यावा. टेलिमानस ही सरकारची फोनवरची सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत आणि रात्रीबेरात्रीही कोणीतरी बोलते. आणि हे वाण देताना जिचे कुंकू पुसले आहे तिला, आणि जिचा नवरा पितो म्हणून जी समारंभाला यायचे टाळते तिलाही, आवर्जून बोलवावे. पिशवीची गरज तिलाच अधिक आहे.

त्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी उभी असलेली ती सून मला अजून आठवते. आमची मुले आता दाराशी कोण उभे आहे ते पाहायला शिकत आहेत. त्यांनी विचारले, तर तुम्ही सांगा. आणि विचारले नाही, तर पदर खोचून आत या आणि म्हणा, ‘डॉक्टर, मला काही सांगायचे आहे.’